सही : खोट की भर?

 

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात उभी हयात गेलेला माणूस सत्तरी ओलांडल्यावर कॉमिक्सवर बोलतोय! पण हा विषय आम्ही निवडलेला नाही, तो आमच्या दारात चालत आला. तो कसा आला ते आधी सांगतो.

आमचा एक जुना विद्यार्थी आहे, शाहूवाडीकडचा. त्याच्या वडिलांची आठवडी बाजाराच्या गावात एक लहानशी लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे काय, एक लाकडी कपाट, एक बाकडं आणि दोरीवर वाळत घातल्यासारखी लावलेली पुस्तकं. दिवसाला दहा पैसे भाडं. त्यात कादंबऱ्या होत्या, मासिकं होती, आणि मुलांची झुंबड उडायची ती मराठी इंद्रजाल कॉमिक्सवर. वेताळ, जादूगार मॅन्ड्रेक, पुढे बहादूर. वडील गेले, कपाट माळ्यावर गेलं. यंदा मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीची वेळ आली तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं की या अंकांना आता पैसे येतात. त्याने कपाट उघडलं. शंभरावर अंक निघाले.

त्यातल्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर निळ्या बॉलपेनने एका चित्रकाराची सही होती आणि वर लिहिलं होतं 'चि.' अमुक 'यास सप्रेम'. ते नाव आमच्या विद्यार्थ्याचंच, लहानपणचं. अंक घ्यायला दोघे जण आले. पहिला म्हणाला, "कव्हर खराब केलंय, लिहिलंय त्यावर. याचे निम्मेच मिळतील." दुसरा म्हणाला, "सही खरी असेल तर दुप्पट देतो. पण खरी आहे हे दाखवा." वस्तू एकच, सही एकच, एकाच्या लेखी ती डाग, दुसऱ्याच्या लेखी दागिना. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही न्यायशास्त्र शिकवलंय. सांगा, सही म्हणजे खोट की भर?"

आम्ही त्या दिवशी उत्तर दिलं नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

आधी थोडी माहिती. इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं मार्च 1964 मध्ये. प्रकाशक टाइम्स ऑफ इंडियावालेच, म्हणजे बेनेट कोलमन कंपनी. 1990 पर्यंत ते चाललं आणि आठशेहून अधिक अंक निघाले. वेताळ आणि मॅन्ड्रेक ही दोन्ही पात्रं ली फॉक या अमेरिकन लेखकाची. मॅन्ड्रेक 1934 चा, वेताळ 1936 चा. बहादूर मात्र आपल्या मातीतला, आबिद सुरती यांनी 1976 मध्ये उभा केलेला. त्याच्या आधी 1967 पासून अनंत पै यांची अमर चित्र कथा होतीच. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्या चित्रांवर आमच्या पुढची एक अख्खी पिढी वाढली.

हे अंक जपून ठेवायचे म्हणून कुणी घेतले नव्हते. ते वाचायचे, दुमडायचे, दप्तरात कोंबायचे, मित्राला द्यायचे आणि मित्राने परत न दिल्यास भांडायचे, यासाठी होते. लायब्ररीवाले तर अंक टिकावा म्हणून बाजूने दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवायचे, मुखपृष्ठावर रबरी शिक्का मारायचे. उरलेलं काम आपल्या कोल्हापूरच्या पावसाने केलं. पिना गंजल्या, कागद पिवळा पडला, कसर लागली. म्हणून आज धड अवस्थेतला अंक दुर्मिळ आहे. हजारो छापले गेले आणि थोडेच धड उरले, भाव येतो तो या फरकातून.

संग्राहकाचा पहिला नियम यातूनच निघतो. तो आधी विचारतो, अंकाची अवस्था काय? इथे वारणेच्या काठी हे समजावून सांगायची गरज नाही. उसाचा भाव नुसत्या वजनावर ठरत नाही, साखर उताऱ्यावर ठरतो. दोन ट्रॉल्या वजनाला सारख्या, पण उतारा वेगळा. तसं दोन अंक क्रमांकाने सारखे, पण एकाचा कणा ताठ, रंग ताजे, पिना स्वच्छ. दुसऱ्याला सेलोटेप लावलेली. अमेरिकेत हा उतारा मोजण्याचा धंदाच उभा राहिला आहे. सीजीसी नावाची कंपनी 2000 साली सुरू झाली. ती कॉमिक तपासते, अर्धा ते दहा या मापात गुण देते आणि प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून वर लेबल लावते.

आता या मापात सही कुठे बसते बघा. मुखपृष्ठ छापखान्यातून जसं बाहेर आलं तसं असणं हा आदर्श असेल, तर त्यावर पेनने ओढलेली कोणतीही रेघ हा दोषच. मग ती रेघ पोराने गणिताचा पाढा म्हणून ओढलेली असो की चित्रकाराने सही म्हणून. त्या अर्थी पहिला गिऱ्हाईक चुकीचा नव्हता.

आपल्या घरातली उपमा घेऊ. पूजेला तांदूळ घेतो ते अक्षत. अक्षत म्हणजे न मोडलेले. तुकडा तांदूळ भाताला चालतो, पूजेला चालत नाही. संग्राहकाची एक दृष्टी ही अक्षतेची दृष्टी आहे.

पण आपल्याकडे दुसरीही एक दृष्टी आहे, ती शबरीची. उष्टं बोर बाजारात कुणी विकत घेणार नाही. चावलं की त्याची किंमत संपली. पण शबरीच्या बोरांची गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो ती ती उष्टी होती म्हणूनच. तिथे स्पर्शाने वस्तू बाटली नाही, वर गेली. सही मागणारा माणूस ही स्पर्शाची दृष्टी घेऊन येतो. ज्या हाताने हे घडवलं तो हात याला प्रत्यक्ष लागला आहे, एवढंच त्याला हवं असतं.

तेव्हा सही खोट की भर हा वाद मुळात सहीचा नाही. एकाच वस्तूकडून आपण दोन वेगळ्या गोष्टी मागतो, अक्षत असणं आणि स्पर्श झालेली असणं. या दोन मागण्यांचं पूर्ण समाधान एकाच वेळी होत नाही.

नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1968 साली कलांची एक विभागणी मांडली, ती इथे उपयोगी पडते. चित्र एकच असतं. त्याची हुबेहूब नक्कल केली तरी ती नक्कलच. कादंबरीचं तसं नाही. तुमच्या प्रतीतला मजकूर बरोबर असला की तुम्ही वाचता ती खरीच कादंबरी. मूळ हस्तलिखित वाचायची गरज नाही. मग कॉमिक कशात बसतं? वाचणाऱ्यासाठी ते कादंबरीसारखं. कुठलीही प्रत चालते. जमवणाऱ्यासाठी मात्र ते हळूहळू चित्रासारखं होतं; त्याला 'ही' प्रत हवी असते. सही काय करते, तर हजारांतल्या एका प्रतीला 'ही प्रत' बनवते. तिला व्यक्तित्व देते. आणि व्यक्तित्व आलं की त्याबरोबर ओळख पटवण्याची कटकटही आली.

दुसऱ्या गिऱ्हाइकाचा प्रश्न हाच होता. सही खरी कशावरून?

आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची साधनं सांगितली, त्यांतली काही इथे जशीच्या तशी लागू होतात. पहिलं प्रत्यक्ष. सही होताना कुणी पाहिली का? दुसरं अनुमान. अक्षराचं वळण, शाईचा प्रकार, त्या माणसाच्या इतर सह्या, यावरून काढलेला निष्कर्ष. तिसरं शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. 

सीजीसीचं काम या दृष्टीने बघण्यासारखं आहे. साध्या अंकाला ते निळं लेबल देतात. सही होताना त्यांचा माणूस तिथे हजर असेल तर पिवळं लेबल मिळतं आणि सही दोष धरली जात नाही. पण कुणी न पाहिलेली सही असेल, तर हिरवं लेबल मिळू शकतं, म्हणजे 'अंक असा असा आहे, पण त्यावर लिहिलेलं आहे' असा शेरा. सही तीच, शाई तीच, हात तोच असेल. फरक फक्त साक्षीदाराचा. सीबीसीएस नावाची दुसरी कंपनी जुन्या सह्या तज्ज्ञांकडून तपासून घेते आणि त्यांना वेगळ्या रंगाचं लेबल देते. म्हणजे एकीने प्रत्यक्षावर भर दिला, दुसरीने अनुमानालाही जागा दिली.

आपल्याला हे नवीन नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. 1872 च्या पुरावा कायद्यात हस्ताक्षराबाबत दोघांचं मत ग्राह्य धरलं होतं, एक तज्ज्ञाचं आणि दुसरं त्या माणसाचं अक्षर नेहमी पाहणाऱ्याचं. आणि त्याच्याही मागे गेलो तर आपल्या जुन्या मोडी कागदांत पाटील नांगराची निशाणी करायचा. अक्षर येत नसलं तरी तो कागद त्याचा होता, कारण गोतापुढे, चारचौघांत ती निशाणी झालेली असायची. अंगठ्याला वजन येतं ते बघणाऱ्या डोळ्यांमुळे.

शिवाय एक चौथी गोष्ट आहे, आणि शेतकऱ्याला ती कुणी शिकवावी लागत नाही. जमीन घेताना आपण सातबारा बघतो आणि मागचे फेरफार काढतो. कुणाकडून कुणाकडे आली, कधी आली, मध्ये कुठे तुटलं का? अंकाचाही फेरफार असतो. कुणी घेतला, कुठे घेतला, सही कधी आणि कुठे झाली, तेव्हाचा फोटो, पत्र, पावती. ही साखळी जुळली तर साक्षीदार हयात नसला तरी सही उभी राहते.

इथे एक कबुली देतो. आमच्याकडेही एक सही केलेलं पुस्तक होतं. त्याच्यासोबत लेखकाचं दोन ओळींचं पोस्टकार्ड होतं. एका दिवाळीच्या साफसफाईत आम्ही पुस्तक ठेवलं आणि कार्ड रद्दीत घातलं. पुस्तकात सही आहेच, मग कार्ड कशाला, असा आमचा विचार. आज ती सही आमच्यापुरती खरी आहे, दुसऱ्या कुणाला पटवता येणार नाही. सहीपेक्षा ते कार्ड जपायला हवं होतं, हे आमच्यासारख्या प्रमाणशास्त्र शिकवणाऱ्याला उशिरा कळलं.

आता समजा सही खरी आहे हे ठरलं. तरी ती भर घालेलच असं नाही. तीन प्रश्न उरतात.

एक, सही कुणाची? इंद्रजालच्या एका अंकात किती हात असतात मोजा. कथा लिहिणारा अमेरिकेत, चित्रं काढणारा तिकडे, मुखपृष्ठ रंगवणारा इथला, आणि वेताळाला मराठी बोलायला लावणारा अनुवादक आणखी वेगळा. मराठी मुलांशी खरोखर बोलला तो अनुवादक. पण त्याची सही घ्यायला कुणी गेल्याचं आम्ही कधी ऐकलं नाही. बाजार सगळ्याच हातांना सारखं मानत नाही, हेही या निमित्ताने लक्षात ठेवावं.

दोन, सही किती दुर्मिळ? स्पायडरमॅन 1962 साली आला, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको या दोघांचा. दोघेही 2018 मध्येच वारले. ली उतारवयापर्यंत मेळाव्यांत जाऊन भरपूर सह्या देत राहिले. डिटको लोकांपासून दूर राहिले. त्यांची सही सापडणं कठीण. त्यामुळे नुसतं नाव मोठं असून भागत नाही. ज्याने सगळ्यांना सह्या दिल्या त्याच्या सहीचा भाव त्या मानाने कमीच राहणार. उदार माणसाची सही स्वस्त आणि अबोल माणसाची महाग, असा हा बाजाराचा न्याय.

तीन, सही कुठल्या प्रतीवर? इथे आम्हाला एक साधा नियम दिसतो. प्रत जितकी साधी, सहज मिळणारी, तितकी सही तिला वर नेते. प्रत जितकी दुर्मिळ आणि अक्षत, तितका सहीचा धोका मोठा. अमर चित्र कथेचे अंक पुनःपुन्हा छापले गेले. अलीकडच्या छपाईच्या अंकावर चित्रकाराची सही असेल तर जी काही किंमत आहे ती बहुतेक सहीचीच, गमावण्यासारखं काही नाही. उलट जून 1938 चा अॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक घ्या, सुपरमॅनचा. छापील किंमत दहा सेंट. त्याची एक प्रत एप्रिल 2024 मध्ये साठ लाख डॉलरला गेली. ती प्रत सहीची नव्हती. तिचं सगळं मोल तिच्या जपलेल्या अवस्थेत होतं. अशा प्रतीवर पेन टेकवायला कुणाचा हात धजेल?

आणि 'चि. अमुक यास सप्रेम'? बाजारात याने बहुधा किंमत उतरते. घेणाऱ्याला वाटतं, हे दुसऱ्याच्या नावाचं आहे, आपल्या कपाटात परकं दिसेल. पण ते नाव प्रसिद्ध माणसाचं असेल तर तीच ओळ किंमत चढवते. शिवाय सह्या विकायचाच ज्याचा धंदा, तो सहसा कुणाचं नाव घालून घेत नाही. म्हणून नाव असलेली सही प्रेमाने घेतलेली असण्याची शक्यता जास्त. बाजार ज्याला उणीव म्हणतो, तोच कधी कधी खरेपणाचा पुरावा असतो.

वैशेषिक दर्शनात दोन संबंध सांगितले आहेत, संयोग आणि समवाय. हात आणि पुस्तक यांचा संयोग; हात काढला की संबंध संपला. वस्त्र आणि धागे यांचा समवाय. धागे काढले तर वस्त्रच उरत नाही. सही अंकाला कोणत्या संबंधाने जोडलेली असते? शाई वरून लागली आहे, म्हणजे संयोग. आम्हीही आधी असंच म्हणालो. पण शाई काढून बघा. कागद उचकटतो, रंग जातो, सहीही जाते आणि अंकही जातो. शिवाय त्या अंकाची जी गोष्ट आहे, ती सहीसकट आहे. वैशेषिकांच्या काटेकोर अर्थाने हा समवाय नव्हे, पण संयोगाने सुरू झालेला हा संबंध काळाने समवायासारखा होतो, असं आम्हाला वाटतं. म्हणून आमच्याकडे सल्ला मागाल तर पहिला सल्ला हाच, झालेली सही, लायब्ररीचा शिक्का, बालपणी लिहिलेलं नाव, काहीही खोडू नका. खोडलेला डाग मूळ डागापेक्षा वाईट.

गांधीजींचं उदाहरण अनेकांना माहीत असेल. ते सहीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीला देत. सहीची किंमत त्यांनी सरळ ठरवून टाकली, पण ती सहीची किंमत नव्हती, मागणाऱ्याने एका कामाला लावलेला हातभार होता. त्या कागदाचा आज लिलावात जो भाव येईल तो येवो. पाच रुपये देणाऱ्याला त्याचं मोल त्याच दिवशी मिळून गेलं होतं. मराठीत आपल्याकडे किंमत आणि मोल असे दोन शब्द आहेत ते उगीच नाहीत. किंमत दोघांच्या बोलण्यातून ठरते. मोल मात्र त्या वस्तूबरोबर जगलेल्या आयुष्यातून येतं.

आता आमच्या विद्यार्थ्याकडे परत येऊ, कारण फीची तारीख तत्त्वज्ञानासाठी थांबत नाही.

आम्ही त्याला तीन गोष्टी सांगितल्या. सही नसलेले चांगले अंक वेगळे काढ आणि त्यांचा भाव वेगळा कर, एकाच ढिगात घालू नकोस. सहीच्या अंकाला हात लावू नकोस. आणि घरातले कागद शोध. आठ दिवसांनी तो वडिलांची जमाखर्चाची वही घेऊन आला. एका पानावर, बाजाराच्या दिवशी, वडिलांच्या अक्षरात त्या चित्रकाराचं नाव होतं. पाहुण्यांकडे लग्नाला आले होते, लायब्ररीत बसले, पोराच्या अंकावर सही केली. आणि खाली खर्चाला मांडलं होतं, चहा दोन. प्रत्यक्ष पाहणारा माणूस गेला होता, पण त्याचा शब्द वहीत उरला होता.

दुसऱ्या गिऱ्हाइकाने वही बघितली. दुप्पट नाही, पण बरा भाव दिला, आणि त्या पानाची प्रत मागून घेतली. आम्हाला वाटलं होतं की एवढं सगळं कळल्यावर हा तो अंक ठेवून घेईल. आम्ही त्याला तसं सुचवलंही. तो म्हणाला, "सर, आण्णांनी लायब्ररी काढली तीच मुळी अंक बाहेर जावेत म्हणून."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मुलीची फी भरली गेली. वही मात्र त्याने विकली नाही.

शेवटी श्रोत्यांकडून दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांची थोडक्यात उत्तरं देतो.

एकांनी विचारलंय, नव्या पुस्तकावर लेखकाची सही घ्यायची तर कशी घ्यावी? आतल्या पानावर घ्या, मुखपृष्ठावर नको. बॉलपेन दाबून लिहिल्याने मागच्या पानावर वळ उमटतात, स्केचपेन उन्हात उडतं, जाड मार्कर पातळ कागदातून पार जातो. तारीख आणि गाव लिहून घ्या. जमलं तर एक फोटो काढा. आणि त्या दिवशीची पावती पुस्तकात न ठेवता वेगळ्या पाकिटात ठेवा, तिची शाई पानाला लागते.

दुसऱ्या चिठ्ठीत विचारलंय, स्वतःचं नाव घालून सही घ्यावी की नुसती? विकायची असेल तर नुसती. वाचायची असेल तर नाव घालून. आणि दोन्हींतलं काय करायचं हे ठरत नसेल, तर नाव घालूनच घ्या. तुमच्या माघारी पोरांना त्यावरून निदान एवढं तरी कळेल की हे पुस्तक घरात कुणासाठी आलं होतं.